पिवळ्या पत्रकाची शेड

पुराच्या दुसऱ्या दिवशी माझ्यावर पाण्याची आणि संडासांची जबाबदारी आली, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. लोकांचे संसार गटाराच्या पाण्यात भिजत पडलेले असताना आनंद होणं बरं दिसत नाही, एवढं मला कळतं. पण तीन वर्षं मी भिवंडीच्या गल्ल्यांतून पत्रकं वाटत होते. पाणी द्या, संडास द्या, गटारं झाका. महापालिकेतला जो तो माझं पत्रक हसतमुखाने घ्यायचा आणि त्याच्यावर वडापाव ठेवून खायचा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, घे, कर.

म्हणाले ते आमच्या वॉर्डाचे स्वच्छता निरीक्षक. नदीकाठच्या सखल गल्ल्यांत कमरेएवढं पाणी शिरलं होतं, लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने बंद पडले होते, आणि तिथली कुटुंबं निजामपुऱ्याच्या कडेला असलेल्या पालिकेच्या शाळेत आणून ठेवली होती. साहेबांनी शाळेच्या मैदानात सगळ्यांसमोर मला गाठलं.

"मॅडम, तुम्ही लिहिता फार छान," ते म्हणाले. "ही टाकी, ही दोन फिरती शौचालयं आणि ही एवढी माणसं. आता करून दाखवा."

"वेळ किती आहे?"

"वेळ? माणसं कालपासून आलीत. तुमचा वेळ काल संपला."

साहेबांचा मला राग होता, अजूनही आहे. पण माणूस खोटं बोलला नव्हता.

पुरात सापडलेल्या गरिबाला आपण सगळ्यात आधी काय देतो? पुलाव. दुसऱ्यांदा काय देतो? पुलाव. देणाऱ्यांच्या मनाला मी नावं ठेवणार नाही, मोठ्या मनाने देतात. पण खाल्लेलं पोटात कायमचं राहत नाही, हा साधा हिशेब एकाही देणाऱ्याने केलेला नसतो. त्याच सकाळी दहाच्या बैठकीला मी पाचवीच्या वर्गातल्या फळ्यावर अर्धी वजाबाकी तशीच ठेवली, उरलेल्या अर्ध्यावर रकाने आखले, आणि कोण काय आणणार ते विचारलं. मशिदीच्या ट्रस्टची माणसं म्हणाली पुलाव. गणपती मंडळवाले म्हणाले खिचडी. कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांचा माणूस म्हणाला, "आम्ही पण पुलाव सांगितलाय, पण केळी देऊ शकतो."

"बादल्या कोण आणणार?" मी विचारलं.

सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले.

"मग्गे? झाकणं? बायकांच्या शौचालयाला आतून कडी नाही, कडी कोण लावणार?"

मंडळाचा अध्यक्ष खाली मान घालून म्हणाला, "ताई, बादलीचा फोटो कसा टाकणार?"

सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळपर्यंत त्याने बादल्या आणल्या, त्यांच्यावर मंडळाचं नाव रंगवून आणल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. नाव रंगवलेल्या बादलीतही पाणी राहतं. ट्रस्टवाल्यांनी शौचालयांना पाणी पुरवायचं अंगावर घेतलं. केळीवाला कडी घेऊन आला, हातोडीही त्याचीच. साबण सारखे पळवले जात होते, त्यावर मावशीने उपाय काढला.

मावशी म्हणजे ठेक्यावरची सफाई कामगार. अकलोलीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरून रोज एसटीने यायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बोलणं त्याहून आखूड. शाळेच्या कपाटात कुणाचे तरी जुने मोजे पडले होते. तिने एकेका मोज्यात एकेक साबण घातला, गाठ मारली आणि लूमच्या जाड सुताने नळाला टांगला.

"आता न्या म्हनावं," ती म्हणाली. "साबन चोरंल मानूस, मोजा न्हाय चोरनार."

एवढं सगळं एका दिवसात उभं राहिलं. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की पत्रकं लिहिण्यात मी तीन वर्षं फुकट घालवली. वडील निवृत्त शिक्षक, माझ्या पत्रकांचं शुद्धलेखन तपासतात. ते म्हणाले, "आधी आठवडा होऊ दे."

पाण्याची टाकी मात्र मी कुणाच्या हातात दिली नव्हती. टँकर आला तेव्हा मी स्वतः शिडी चढले आणि टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वर ओतली. साहेबांनी पावडरीबरोबर एक छोटी पेटीही दिली होती. तिच्यात काचेची नळी आणि औषधाची बाटली. पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे का हे तपासायची ओटी टेस्ट. ती पेटी मी कपाटात ठेवून दिली. माझा हिशेब सरळ होता: पूर मोठा, म्हणून पावडर जास्त.

पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीवर बोटाने टकटक केली. वरपासून खालपर्यंत भरीव आवाज. रात्रभर एवढ्या माणसांनी पाणी वापरूनही टाकी भरलेली. मी बैठकीत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पाणी पुरून उरत आहे. साहेबांकडे बघून लिहिलं. त्यांनी मान डोलावली, आणि ती डोलावलेली मान बघून मला जे सुख झालं त्याची मला आज लाज वाटते.

तेवढ्यात दारात आशाताई आली. आमच्या वॉर्डाची आरोग्यसेविका, आवाज कधी न चढवणारी बाई.

"वरच्या व्हरांड्यात एका मुलीला जुलाब सुरू झालेत," ती म्हणाली. "दोन वर्षांची आहे. पहाटेपासून चालूय. तू वर ये."

मुलगी आईच्या मांडीवर पडली होती. डोळे उघडे, पण बघत नव्हती. आई माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी. नवरा लूमवर, ही घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायची. तिच्या बाजूला पितळेचा हंडा होता, त्यातलं पाणी काचेसारखं स्वच्छ.

"हे पाणी कुठलं?" आशाताईने विचारलं.

"बावडी का," ती म्हणाली.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक जुनी बावडी, म्हणजे विहीर, आहे. पुराचं पाणी तिच्यात कठड्यावरून आत गेलं होतं, सगळ्या गल्लीने बघितलं होतं. दोन दिवसांत गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ दिसायला लागलं. नितळ, म्हणून चांगलं.

"अगं, पण खाली टाकी आहे ना," मी म्हणाले. "एवढी भरलेली टाकी सोडून बावडीवर?"

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मग पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली. थैलीत रेशन कार्ड, मुलीचं लसीकरणाचं कार्ड आणि घडी घातलेला एक पिवळा कागद. पूर आला तेव्हा घरातून एवढंच घेऊन ती बाहेर पडली होती. तिने कागद उघडून माझ्यासमोर धरला.

"दीदी, आपने ही दिया था. हाथ में दिया था."

पत्रक माझंच होतं. आदल्या वर्षी आमच्या भागात नळाला रंगीत पाणी येत होतं, कुठल्यातरी डाईंगचं, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचं, सांडपाणी जुन्या पाइपात झिरपत होतं. त्याला रंगही होता आणि ब्लीचचा उग्र वासही. तेव्हा मी ते लिहिलं होतं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मथळा ठळक: नळाच्या पाण्याला ब्लीचचा वास आला तर तोंडाला लावू नका. डाईंगचा माल आहे.

माझ्या मूळ कागदावर "रंग आणि वास" असे दोन्ही शब्द होते. छापखान्यातला माणूस म्हणाला ओळ लांब होतेय, अक्षर लहान करावं लागेल. मी "रंग" काढून टाकला. वडिलांनी विचारलं होतं, "रंग का काढलास?" मी म्हणाले होते, "पप्पा, ओळ टोचली पाहिजे."

टोचली. त्या वस्तीत माझं एकही पत्रक एवढं वाचलं गेलं नव्हतं. कारखान्यातल्या भिंतीवर चिकटवलं, चहावाल्याने टांगलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतलं. आणि आता ते पत्रक देणाऱ्या त्याच बाईने, म्हणजे मीच, ब्लीचचा वास मारणारी टाकी शाळेत आणून उभी केली होती. टाकीला कुणी हात लावला नव्हता. टाकी भरलेली होती ती म्हणून.

आशाताईने पिशवीतून एक बाटली काढली, घरून उकळून आणलेलं पाणी. तिच्यात ओआरएसची पुडी मिसळून ती चमच्याने मुलीला पाजायला लागली.

"ही बाटली दुपारपर्यंत पुरेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शाळेत उकळायची सोय नाही, आणि सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावर अजून पाणी आहे. दुपारनंतर ही काय पिणार, ते तू बघ."

मी खाली गेले आणि मला जे येतं तेच केलं. भोंगा घेतला. शुद्ध पाणी म्हणजे काय, जंतू म्हणजे काय, क्लोरीन म्हणजे काय, मराठीत बोलले, हिंदीत बोलले. माणसं ऐकत होती. मान हलवत होती. मग दोन बायका उठल्या, हंडे उचलले आणि माझ्यासमोरून बावडीकडे चालायला लागल्या. मी टाकीचा नळ सोडून ग्लासभर पाणी सगळ्यांदेखत प्यायले. घशाला चरचरलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "देखो, बेचारी से खुद नहीं पिया जा रहा."

मावशी संडास धुऊन बादली उपडी करत होती. ती हसली.

"मावशी, हसू नका. वासामुळे पीत नाहीत."

"वास येतो म्हनून पानी वाईट व्हतं व्हय?" ती म्हणाली. "आमच्या अकलोलीच्या गरम कुंडाचं पानी सडक्या अंड्यावानी वास मारतं. तुमी शहरातली मानसं गाड्या करून येता, नाकाला रुमाल लावता आन त्यातच बुचकळ्या मारता. आमाला इचारलं का कंदी कुनी, का वास येतो? तुमाला सांगितलं कुनीतरी का त्यानं खाज जाते. झालं."

"मग मी पण सांगितलं की आत्ता."

"आत्ता सांगितलंस. पन आधी लिवलं व्हतंस, पोरी. त्यांच्याकडं कागद हाय. तुझ्या त्वांडापरीस तुझा कागद मोठा. लिवलंस तूच, आता तूच खोड."

मला आवडलं नाही. पत्रक मागे घ्यायचं म्हणजे काय असतं ते पत्रकं काढणाऱ्यालाच कळेल. साहेब तिथेच उभे होते. उद्या वॉर्डभर सांगतील, मॅडमनी स्वतःचंच पत्रक खोडलं. मग मला वरच्या व्हरांड्यातली बाटली दिसायला लागली.

कपाटातली पेटी काढली आणि वर गेले. मुलीच्या आईसमोर फरशीवर मांडी घालून बसले. तिच्या हातातलं पत्रक मागितलं. तिने लगेच दिलं नाही, आधी आशाताईकडे बघितलं, मग दिलं.

"हे मी चुकीचं लिहिलं," मी म्हणाले, आणि पेनने मथळ्यावर रेघ मारली. "पूरा गलत नहीं, आधा. रंग भी हो और बास भी हो, तब नहीं पीना. सिर्फ बास हो तो देखना पड़ता है. कसं बघायचं ते दाखवते."

आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या. टाकीचं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला की पाणी ठीक, असं मला सांगितलेलं होतं. मी नळी उजेडात धरली.

पाणी नारिंगी झालं. पिवळ्याच्या कितीतरी पुढे, गडद नारिंगी.

आशाताई हळूच म्हणाली, "किती ओतलीस गं पावडर?"

"अंदाजाने."

"अंदाजाने," ती म्हणाली. आवाज तरीही चढला नव्हता.

मुलीच्या आईने माझ्या हातातून नळी घेतली. तिला फक्त रंग दिसत होता, आणि रंगाचं तिला माझ्याहून जास्त कळत होतं. कांडी भरताना एका शेडचं सूत दुसऱ्या शेडमध्ये गेलं तर अख्खं कापड फुकट जातं, मुकादम तोंडावर फेकतो.

"होना कितना चाहिए?" तिने विचारलं.

पेटीबरोबरचा रंगाचा तक्ता आणतानाच पावसात भिजला होता, त्याचे रंग एकमेकांत उतरले होते. फिकट पिवळा, म्हणजे किती फिकट? मी इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्याच मांडीवर होता. मी खोडलेला कागद.

"इतना," मी पत्रकावर बोट ठेवून म्हणाले. "या कागदाएवढा. यापेक्षा फिका नको, गडद नको."

तिने नळी कागदावर धरली, डोळे बारीक केले.

"बहुत डार्क है. दो शेड ऊपर है आपका पानी."

बायका हसल्या. शेजारची एक म्हणाली, "हम तो बोल ही रहे थे, बास मारता है. कोई सुनता है?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं नाक आणि माझी पावडर, दोन्हींत नाकच खरं निघालं. मी खाली उतरले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, माझ्या हातून पावडर जास्त पडली. अर्धी टाकी काढून ताज्या टँकरने भरावी लागेल. आत्ता."

ते टोमणा मारतील याची मी वाट बघत होते. त्यांनी फोन काढून टँकर सांगितला. मग खिशात फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि आज फळ्यावरचं ते पुसून घ्या."

काढलेलं पाणी वाया गेलं नाही. मावशीने ट्रस्टवाल्यांना कामाला लावून त्या पाण्याने दोन्ही शौचालयं, मोरी आणि व्हरांडे धुऊन घेतले. "दोन शेड वरचं हाय ना," ती म्हणाली, "मंग जंतू दोनदा मरतील." टँकर येऊन गेल्यावर क्लोरीन पाण्यात मुरायला अर्धा तास थांबायचं होतं. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. वर बाटलीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि मुलगी चमचा तोंडाशी आला की आता स्वतः तोंड उघडत होती.

दुसऱ्या टेस्टला मी हात लावला नाही. मुलीची आई मुलीला आशाताईकडे देऊन स्वतः खाली आली, स्वतः नळी भरली, स्वतः थेंब टाकले. भोवती बायका, त्यांच्यामागे लूमवरचे पुरुष, माना उंचावून. तिने नळी माझ्या पत्रकावर धरली, खोडलेल्या ओळीच्या खाली, जिथे कागद कोरा होता.

"मिला?" मागून एकाने विचारलं.

"रुक," ती म्हणाली. नळी उन्हात नेली, परत सावलीत आणली. सावलीत शेड बघायची नसते, उन्हात बघायची नसते, दाराशी बघायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. ती दाराशी गेली.

"मिला."

नळीतलं पाणी तिने फेकून दिलं, ते प्यायचं नसतं. मग हंडा आणला, बावडीचं पाणी त्यातून मोरीत ओतलं, हंडा साबणाने घासला आणि टाकीच्या नळाखाली लावला. वर जाऊन आशाताईने दुसरी पुडी त्या पाण्यात मिसळली. आईने पहिला चमचा स्वतः घेतला, तोंडात थोडा वेळ धरला, गिळला. दुसरा मुलीला दिला. मुलीने तो घेतला आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडलं.

मी खाली मोरीजवळ जाऊन बसले.

दुपारनंतर ओळ लागली. ती बाई नळी आणि माझं पत्रक घेऊन टाकीपाशी उभी होती. कुणी न पारखता हंडा लावला की ओरडायची, "पहले शेड देखने दो." पुरुषांना तर ती दोनदा थांबवायची, काही कारण नसताना. आशाताई पाचच्या सुमाराला वरून खाली वाकून म्हणाली, "लघवी झाली गं." व्हरांड्यात एवढ्या लोकांसमोर ही बातमी अशी द्यायची नसते, पण सगळ्यांना तिचा अर्थ कळला. मुलीच्या पोटात पाणी राहिलं होतं. मावशी म्हणाली, "बरं झालं, मी व्हरांडा आत्ताच धुतलाय."

मी मुलीच्या आईकडे पत्रक परत मागितलं. मला वडिलांना दाखवायचं होतं.

"नहीं मिलेगा," ती म्हणाली. "कल फिर पानी आएगा ना?"

आणि तिने ते घडी घालून रेशन कार्डाच्या थैलीत ठेवलं.

घरी निघायच्या आधी मी टाकीवर बोटाने टकटक केली. वरून, मधून, अगदी खालूनही पोकळ वाजली. एवढा चांगला आवाज मी त्या आठवड्यात ऐकला नव्हता. साहेबांना फोन लावला.

"साहेब, पाणी संपलं."

"सकाळी तर पुरून उरत होतं."

"आता नाही उरत. अजून एक टँकर पाठवा."

"पाठवतो," ते म्हणाले. "पावडर कोण टाकणार?"

मी टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. तिने फोनवरचं ऐकलं होतं, आणि ती माझ्या आधी पेटी उचलून शिडीकडे निघाली होती.